खळ्यावरचा महार, देवळातली टोपली

दोस्तांनो, आपल्या बैठकीत ख्रिस्ती महाराचा विषय निघाला की कुणीतरी हसतंच. पोटासाठी बाटलेले, म्हणे. गव्हाच्या पोत्यावर धर्म विकलेले. हा शब्द आपण घडवलेला नाही. तो बामणाच्या ओसरीवरून खाली आला आणि आपण न तपासता तोंडात घेतला. मी काही इतिहासाचा पदवीधर नाही. सूतगिरणीत रिंगखात्यात आहे, रात्रपाळी करतो आणि दिवसा झोप मोडून मिळेल ते वाचतो. त्या वाचनातलं आणि घरातलं मिळून हे लिहितोय.

आधी तारखा बघू. अमेरिकन मराठी मिशननं अहमदनगरला (आता अहिल्यानगर म्हणतात) ठाणं मांडलं १८३१ साली. 'ज्ञानोदय' तिथंच १८४२ साली निघालं. मिस फेरारबाईंची मुलींची शाळा जोतीरावांनी नगरला पाहिली आणि १८४८ साली पुण्यात आपली काढली. फुल्यांच्या शाळेतल्या मांगाच्या पोरीचा, मुक्ताचा, मांगमहारांच्या दुःखावरचा निबंध १८५५ साली छापला तो ह्याच 'ज्ञानोदय'नं. आणि तो मोठा दुष्काळ कधी पडला? १८७६ ते १८७८. म्हणजे पाटी-पेन्सिल आधी आली, दुष्काळाचं धान्य चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी.

दुष्काळात आणि त्याच्या पाठोपाठ नगर भागातले महार मोठ्या संख्येनं ख्रिस्ती झाले, हे खरंय. मिशननं धान्य दिलं, काम दिलं, हेही खरं. मग काय झालं? १९७२ च्या दुष्काळात अख्ख्या महाराष्ट्रानं अमेरिकेचा लाल मिलो खाल्ला. पाटलानं खाल्ला, माळ्यानं खाल्ला, रोजगार हमीवर खडी फोडताना सुकडी सगळ्यांनीच फाकली. त्यांना कुणी बाटगं म्हटलं नाही. भुकेची लाज फक्त महाराच्याच खात्यावर मांडायची ही कुठली हिशोबाची पद्धत?

आता मराठी पुस्तकात ख्रिस्ती माणूस शोधायला जा. पहिले भेटतात रेव्हरंड ना. वा. टिळक. चित्पावन ब्राह्मण, १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. मग लक्ष्मीबाई. ह्या बाईला मी मानतो. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा ती फुटली, वेगळी राहिली, सोवळं सांभाळत राहिली. पुढं तिनं जात सोडली ती बाप्तिस्म्याच्याही आधी, स्वतःच्या डोक्यानं, की ही माणसानं केलेली गोष्ट आहे, देवानं नाही. १९०० साली तिचा बाप्तिस्मा झाला. शाळा नाही म्हणावी इतकी कमी, आणि लिहिली ती 'स्मृतिचित्रे', १९३४ ते ३६ मध्ये भागाभागानं छापून आलेली. चूल, लेकरं, प्लेग, नवऱ्याचा तापट स्वभाव, श्रद्धा, सगळं एका पंगतीला. आपल्यातल्या लिहिणाऱ्या बायांनी ते वाचावंच.

पण मला खुपतं ते वेगळंच. टिळकांच्या घरात कायम दुसऱ्यांची पोरं असायची, अनाथ, गरीब, गावकुसाबाहेरची. लक्ष्मीबाईंनी त्यांना जेवू घातलं, त्यांची दुखणी काढली. त्या पोरांनी पुढं काय केलं, कुणाशी लग्न केलं, संध्याकाळी घरात काय वाचलं, ह्याचं 'स्मृतिचित्रे' कुठाय? बामणाचं धर्मांतर म्हणजे साहित्य आणि महाराचं धर्मांतर म्हणजे खानेसुमारीतला आकडा! नगरच्या खेड्यापाड्यांतून बाप्तिस्मा घेतलेली माणसं हजारांनी होती. नावानं आपण किती ओळखतो? बोटं मोडून बघा.

मग त्यांचा इतिहास शोधायचा कुठं? मी म्हणतो, घरात आणि हंगामात.

माझ्या आजोबांचे एक चुलते ख्रिस्ती होते. आजोबा पुढं बुद्ध झाले, चुलत्यांचं घर ख्रिस्तीच राहिलं. त्या घरातली माझी चुलत आत्या नेवाशाकडच्या एका खेड्यात असते, सत्तरीची आहे. तिच्या लहानपणचं वर्ष ती सांगते ते असं : मृगाच्या आधी बियाणं फडक्यात बांधून देवळात न्यायचं, पाऊस दे म्हणून प्रार्थना. (चर्चला ते देऊळच म्हणतात.) नाताळाला करंज्या आणि रात्रभर कीर्तन, टाळ-मृदंग लावून, येशूच्या जन्माचं. फाल्गुन-चैत्राच्या सुमाराला उपवासाचे चाळीस दिवस. आणि रोज दिवे लागले की घरची उपासना. चिमणी मधे ठेवायची, घरातलं जे लेकरू शाळेत जातं त्यानं शास्त्र मोठ्यानं वाचायचं, म्हाताऱ्यांनी ऐकायचं. ज्या वस्तीत अक्षर बघणं पाप होतं तिथं आठ वर्षांची पोरगी वाचतेय आणि आजा मान खाली घालून ऐकतोय! हे कीर्तनही साहेबानं आणलेलं नाही. नगरच्या मराठी ख्रिस्त्यांनीच एकोणिसाव्या शतकात कीर्तनाची घडी उचलून आपल्या उपासनेत बसवली. सायबाच्या पेटीत ते नव्हतंच.

पण आत्या सर्वात खुलते ती पहिल्या पिकाच्या सणावर. टोपली धुवायची, खाली कडुनिंबाचा पाला, वर बाजरीची कणसं, दुधीभोपळा, अंडी, एखादी कोंबडी. देवळात पुढं नेऊन ठेवायची. मग पाळकसाहेब लिलाव पुकारणार. "आरं, रुपयाचं अंडं पाच रुपयाला जायचं," आत्या म्हणते, "आन् आपलीच टोपली आपणच सोडवून आणायचो." ती हसते. मला मात्र तिथं हसू आलं नाही.

कारण त्याच गावात, त्याच हंगामात, महार खळ्यावर उभा असायचा. बलुत्यासाठी. राखण त्यानं केलेली, मेलेलं ढोर त्यानं ओढलेलं, सांगावा घेऊन उन्हातान्हात तोच पळालेला. ते बलुतं त्याचा हक्क होता, पण घ्यायचं भिकेसारखं. जोहार घालून, लांब उभं राहून, उफणून झाल्यावर तळाशी राहिलेलं मातेरं पदरात. ह्या वतनाच्या बेडीवर बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात १९२८ साली बिल आणलं आणि कायद्यानं वतन गेलं ते १९५८ च्या कायद्यानंतर. ख्रिस्ती झालेल्या महारांचंही वतन लगेच सुटलं नव्हतं. गाव त्यांना महारच समजत होतं. म्हणजे सकाळी खळ्यावर हात पसरायचा आणि रविवारी त्याच हातानं टोपली पुढं ठेवायची. वर्षातला तो एकच दिवस, जेव्हा हा माणूस हंगामात कुणाला काही देत होता. पोटासाठी बाटलेला माणूस टोपली भरून देतो होय?

ह्या टोपलीचा मजकूर बायबलात आहे. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात यहुदी शेतकऱ्याला सांगितलंय की पहिलं पीक टोपलीत घालून आण आणि ठेवताना तोंडानं आपला इतिहास सांग : माझा पूर्वज भटका होता, आम्ही मिसरात गुलाम होतो, आम्हांला छळलं, आम्ही ओरडलो, आमची सुटका झाली. पीक द्यायचं आणि गुलामी विसरायची नाही, दोन्ही एकाच वेळी. आपल्याच मराठी मुलखातले अरविंद निर्मळ यांनी बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात १९८१ साली ह्या विचाराला तोंड फोडलं. दलित धर्मशास्त्र म्हणतात ते तिथून पुढं वाढलं. निर्मळांनी हाच अध्याय घेतला आणि विचारलं, आमचा पूर्वज कोण? तो भटकासुद्धा नव्हता. भटक्याला निदान वाट मोकळी असते. आमच्याला गावाबाहेर काढलं आणि गावालाच बांधून ठेवलं. दलित ख्रिस्त्यानं देवापुढं उभं राहताना हे बोललं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. आत्याला निर्मळ माहीत नाहीत. टोपली माहीत आहे.

आता कडू बोलतो, नाहीतर म्हणाल हा मिशनचा भाट झाला. जात देवळात शिरली. महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांची सोयरीक होत नाही, आत्याच्या गावात बसायच्या सतरंज्याही पूर्वी वेगळ्या असायच्या. हे विचारलं तर आत्या गप्प होते. बाबासाहेबांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यावर इंग्रजीत लिहून ठेवलंय. ते महाराष्ट्र शासनानं १९८९ साली पाचव्या खंडात छापलं. त्यांचा रोख सरळ आहे : धर्म बदलला पण जात गेली नाही, आणि हा माणूस आपल्या अन्यायाविरुद्ध उठत नाही. टीका खरी आहे. तिचं ओझं चर्चनं उचलायचं आहे.

पण सरकारनं काय केलं तेही बघा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं ठरवलं की हिंदू असेल तोच अनुसूचित जातीचा. १९५६ साली शिखांना आत घेतलं. १९९० साली बौद्धांना, म्हणजे आपल्याला. ख्रिस्ती बाहेरच. १९८५ साली मद्रासचा रस्त्यावर बसून जोडे शिवणारा एक ख्रिस्ती माणूस सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. कोर्ट म्हणालं, ख्रिस्ती झाल्यावरही तेवढंच सोसावं लागतं ह्याचा पुरेसा पुरावा नाही. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगानं धर्माची अट काढा म्हणून शिफारस केली, ती बाजूला पडली. २०२२ साली माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आणखी एक आयोग नेमला.

माझा चुलतभाऊ आणि मी एकाच पणजोबाच्या बापाचे. आडनाव एक, नाक एक, गावात दोघांची वस्तीही एक. माझ्या दाखल्यावर अनुसूचित जाती, त्याच्यावर ओबीसी. उद्या गावानं दोघांना एकाच खांबाला बांधून मारलं तर माझ्यासाठी १९८९ चा अत्याचारविरोधी कायदा उभा राहील, त्याच्यासाठी साधी मारामारीची कलमं. मारणारा दाखला बघून मारत नाही. १९९० साली आपण गुलाल उधळला तेव्हा बरोबर ह्यांचं नाव का घेतलं नाही, हे आपल्या चळवळीतल्या जाणत्यांनी सांगावं.

तोवर एक काम करता येईल. नगर, जालना, सोलापूर भागात ज्यांची अशी भावकी आहे त्यांनी सुट्टीत जाऊन म्हाताऱ्या माणसांकडून उतरवून घ्यावं. घरातला पहिला बाप्तिस्मा कुणाचा, कोणत्या साली. शाळा कुणाच्या ओट्यावर भरायची. बलुतं कधी थांबलं, कुणी थांबवलं. टोपलीत काय काय असायचं. खेड्यातल्या देवळात बाप्तिस्म्याची वही असते, पाळकाला विचारलं तर तो दाखवतो. त्यातली नावं आधी उतरवा. आत्याच्या गावची मी सुरू केली आहे, आतापर्यंत एकेचाळीस झाली. बायांच्या नावापुढं बऱ्याच ठिकाणी नुसतं 'अमक्याची बायको' आहे, ती नावं आत्याला विचारून भरतोय.