पोटखराब जमिनीवरचे रोहित

मन्नाएखेळ्ळीहून पुण्याला जाताना भिगवणपाशी उजनीच्या फुगवट्यावर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. पण ऐन चैत्र-वैशाखात ते हजारोंनी पाहायचे तर ठाण्याची खाडी गाठावी. तिथला इतिहास पक्ष्यांइतकाच पाहण्याजोगा आहे.

१८५३ साली पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, पुढच्याच वर्षी खाडी ओलांडून कल्याणला गेली. पुढे काठावर कारखाने आले, वस्ती आली, आणि सगळ्यांचे सांडपाणी खाडीत गेले. महसूल दप्तरात ज्याला आम्ही 'पोटखराब' लिहून मोकळे होतो, तसाच हा चिखल सर्वांच्या लेखी निरुपयोगी होता. १९९० नंतर मात्र शिवडीच्या चिखलावर रोहितांचे थवे दिसू लागले. सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर सूक्ष्म शेवाळ माजते आणि धाकटा रोहित तेच चोचीने गाळून खातो. शहराच्या घाणीवर पाहुण्यांची पंगत बसावी, हा योग विचित्रच!

२०१५ मध्ये राज्य सरकारने खाडीचे सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्र रोहित अभयारण्य केले. त्यातले ८९६ हेक्टर तिवरांचे. २०२२ मध्ये पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत खाडीचे नाव आले.

तरीही काम अर्धेच झाले, असे आमचे मत. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा पक्षी खाडीत चरतात. भरतीला तो बुडाला की नवी मुंबईच्या तलावांवर विसाव्याला जातात. ताट राखले, अंथरूण राहिले. नेरूळच्या अशाच एका तलावात भरतीचे पाणी येण्याची वाट बुजली आणि २०२४ मध्ये तिथे पक्षी दगावले. त्याच वर्षी मे महिन्यात घाटकोपरवर उतरत्या विमानाला धडकून तीसहून अधिक रोहित मेले. अखेर एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने त्या तलावाला संवर्धन राखीव करण्यास मान्यता दिली.

आपल्यापैकी कोणाची लेक-बहीण ऐरोली-ठाण्याला असेल, तर पाऊस सुरू होण्याआधीच जावे; मृगाच्या सुमारास बहुतेक थवे निघून जातात. ऐरोलीहून वनखात्याची बोट सुटते. तिची वेळ भरती-ओहोटीवर ठरते, म्हणून निघण्याआधी पंचांगात तिथी पाहावी.