डागावरचा मार्का

१९६८ च्या पावसाळ्यात मी मशीद बंदर भागातल्या एका क्लिअरिंग-फॉरवर्डिंग पेढीत उमेदवारी करत होतो. हाताशी पत्र्याचा स्टेन्सिल, काळ्या शाईचा डबा आणि ब्रश. निर्यातीच्या प्रत्येक नगाला, मग ते पोते असो की पेटी, आमच्या धंद्यात ‘डाग’ म्हणत. मोंबासाला निघालेल्या मिरचीच्या चाळीस डागांवर मी मार्का मारला : तिरपा चौकोन, त्यात माल घेणाऱ्याची आद्याक्षरे, खाली बंदराचे नाव, क्रमांक आणि वजन. शाई वाळण्याआधीच पोती हातगाडीवर चढली, वाटेत जोराची सर आली, आणि गोदीत पोचेपर्यंत निम्म्या डागांवर नुसते डागच उरले. टॅली क्लार्कने ती पोती बाजूला काढली. जहाज गेले, पोती राहिली. शेठजी एवढेच म्हणाले, “मार्का गेला की माल बेवारशी.”

बिल ऑफ लेडिंगवर जो मार्का, तोच डागावर हवा. नाहीतर परक्या बंदरात हा माल कोणाचा हे ठरवायचे कसे? पण गंमत पाहा, तो डाग उचलणाऱ्याला बहुधा इंग्रजी वाचता येत नसे. म्हणून तर चौकोन-त्रिकोण आले, आणि पुढे चित्रे : काचसामानासाठी उभा पेला, ओलाव्यापासून जपायला छत्री, वरची बाजू कळायला दोन बाण. हमालांच्या हाती लोखंडी आकडा असे. पोत्यात खुपसला की ते फाटायचे. त्यासाठी फुली मारलेल्या आकड्याचे चित्र. पेला दिसला की आमचे हमाल म्हणत, “साहेब, यात दारू आहे!”

पेढीतले म्हातारे मुकादम मात्र या थट्टेत सामील होत नसत. १९४४ साली ते गोदीत होते.

त्या वर्षी १२ एप्रिलला ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज कराचीहून मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागले. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटके, सोन्याच्या लगडी, तेलाची पिंपे आणि कापसाच्या गासड्या. स्फोटके आणि कापूस एकाच जहाजात, एवढेच नव्हे, दोन नंबरच्या होल्डमध्ये तर शेजारी शेजारी! धोक्याच्या मालाची खूण असलेला लाल बावटाही जहाजावर नव्हता. १४ तारखेला दुपारी त्याच होल्डमधून धूर येऊ लागला. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसे गेली. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. बावटा असता तर गोदी वाचली असती का, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण शेजारच्या जहाजांना आणि धक्क्यावरच्या माणसांना निदान काय जळते आहे ते कळले असते.

तीनच वर्षांनी, १६ एप्रिल १९४७ ला, अमेरिकेतल्या टेक्सास सिटी बंदरात खत म्हणून जहाजात भरलेल्या अमोनियम नायट्रेटचा स्फोट होऊन सुमारे ६०० माणसे मेली. १९५६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने धोकादायक मालाच्या वाहतुकीविषयी पहिल्या शिफारशी प्रसिद्ध केल्या. आता घेणाऱ्याची आद्याक्षरे मिरवणारा तो तिरपा चौकोन धोका सांगू लागला : स्फोटकांना नारिंगी, पेट घेणाऱ्या द्रवांना लाल. आणि प्रत्येक पदार्थाला चार आकडी क्रमांक. भाषा कोणतीही असो, आकडा तोच.

पुढे एकदा आम्ही काड्यापेट्यांच्या खोक्यांवर तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांची लेबले लावत होतो. साध्या, सुरक्षित काड्यापेट्यांचा संयुक्त राष्ट्रांच्या यादीतला क्रमांक आहे १९४४. निव्वळ योगायोग. मी मुकादमांना तो आकडा दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिले, काही बोलले नाहीत. लेबलाचा एक कोपरा सुटला होता, तो अंगठ्याने दाबून बसवला आणि पुढचा खोका ओढला.