मांजराच्या पिल्लाला पहिल्यांदा घराबाहेर कधी आणि कसं सोडायचं?

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून एक मेसेज येतोच. पिवळ्या-पांढऱ्या पिल्लाचा फोटो आणि खाली एक ओळ, ‘काल संध्याकाळपासून दिसत नाहीये, कुणी पाहिलंय का?’ गोष्ट बहुतेक वेळा सारखीच असते. चार-पाच महिन्यांचं पिल्लू दाराशी बसून सारखं ओरडत होतं. घरच्यांनी ‘जाऊ दे थोडा वेळ’ म्हणत दार उघडलं. तेवढ्यात खाली कुणीतरी बाईकला किक मारली, पिल्लू बिथरलं आणि दिसेल त्या दिशेला पळालं.

मांजर म्हटलं की ते बाहेर हिंडणारच, असं आपल्याकडे धरून चालतात. वाड्यात किंवा चाळीत मांजराला कुणी कोंडून ठेवत नसे. दूध एका घरी, झोप दुसऱ्या घरी. पण त्यातली किती पिल्लं मोठी झाली, याचा हिशोब कुणी ठेवला नाही. शिवाय ती पिल्लं आईच्या मागे फिरत वाढायची. कुत्रा आला तर कुठल्या भिंतीवर चढायचं, हे आईकडे बघून शिकायची. दोन महिन्यांचं असताना फ्लॅटमध्ये आलेल्या पिल्लाला यातलं काहीच माहीत नसतं. त्याला सोफा माहीत असतो.

त्यामुळे दार उघडण्याच्या आधी काही आठवड्यांची तयारी लागते.

आधी लस, मग ऑपरेशन

मांजरांची तिहेरी लस, जिला बहुतेक दवाखान्यांत ट्रायकॅट म्हणतात, साधारण 6 ते 8 आठवड्यांच्या वयात सुरू होते. पुढचे डोस 3 ते 4 आठवड्यांच्या अंतराने, पिल्लू 16 आठवड्यांचं होईपर्यंत दिले जातात. रेबीजची लस 12 आठवड्यांनंतर. तिहेरी लस ज्या आजारांसाठी असते, त्यातला सगळ्यात घातक म्हणजे पॅनल्युकोपेनिया. लस न घेतलेलं पिल्लू त्यातून वाचणं अवघड असतं. त्याचा विषाणू जमिनीवर, भांड्यांवर, चपलांच्या तळव्यांवर अनेक महिने टिकतो. म्हणजे बाहेरच्या आजारी मांजराची गाठ पडली नाही, तरी लागण होऊ शकते.

रेबीजला अनेक जण कुत्र्यांचा आजार समजतात. पण तो मांजरांनाही होतो आणि मांजराच्या चाव्यातून माणसालाही. त्यामुळे अनोळखी मांजर चावलं किंवा ओरबाडलं, तर जखम साबण लावून 15 मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

लसींपेक्षा जास्त टाळाटाळ होते ती नसबंदीच्या ऑपरेशनची. ‘अजून लहान आहे’ हे नेहमीचं कारण. प्रत्यक्षात भाटी चौथ्या-पाचव्या महिन्यातच माजावर, म्हणजे हल्लीच्या भाषेत हीटवर येऊ शकते. गर्भ राहिला तर साधारण 9 आठवड्यांत पिल्लं. अशी भाटी एकदा जरी बाहेर गेली, तरी पुढचं सगळं ओघाने आलंच. बोक्याचं दुखणं वेगळं. नसबंदी न झालेला बोका माजावरच्या भाटीच्या मागे लांबवर भटकतो, इतर बोक्यांशी मारामाऱ्या करतो. चाव्याची जखम वरून छोटी दिसते आणि आत पू होतो. एफआयव्ही हा मांजरांचा विषाणूसुद्धा मुख्यतः चाव्यातूनच पसरतो. पाचव्या महिन्याच्या आसपास व्हेटशी बोलून ऑपरेशन उरकावं. जखम भरून आली की मग बाहेरचा विचार.

डब्याचा आवाज

बाहेर जायला मांजराला शिकवावं लागत नाही. परत यायला मात्र शिकवावं लागतं आणि ते घरातच होतं. दोन-तीन आठवडे प्रत्येक जेवणाआधी त्याच्या नावाने हाक मारायची आणि कॅट फूडचा डबा वाजवायचा. हाक एकच हवी. आई ‘मनी’ म्हणते, बाबा ‘माऊ’ आणि मुलं तिसरंच काही, असं चालत नाही. डबा वाजल्यावर पिल्लू दुसऱ्या खोलीतून झोप सोडून धावत येऊ लागलं की समजायचं, धडा पक्का झाला.

घर बदललं असेल, तर किमान तीन-चार आठवडे पिल्लाला आतच ठेवायचं. नव्या जागेचा वास ‘आपला’ वाटायला तेवढा वेळ लागतो.

पट्टा घालायचा तर ओढ बसल्यावर आपोआप सुटणारा. साधा पट्टा फांदीत किंवा ग्रीलमध्ये अडकला, तर गळफास बसतो. पट्ट्यावर फोन नंबर लिहून ठेवावा. मायक्रोचिप हा आणखी एक उपाय. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप कातडीखाली बसवतात. ती जीपीएस नाही, त्यामुळे मांजर कुठे आहे हे त्यातून कळत नाही. कुणी ते दवाखान्यात नेऊन स्कॅन केलं, तर चिपचा नंबर कळतो आणि त्या नंबरवर नोंद केलेली असेल, तर मालक सापडतो.

पहिला दिवस

वेळ सकाळची, रहदारी कमी असलेली आणि जेवणाच्या आधीची. पिल्लू भुकेलं असलं, तर डब्याच्या आवाजाला किंमत राहते. पाऊस नको, दिवाळीचे फटाक्यांचे दिवस तर नकोच नको.

पिल्लाला उचलून बाहेर ठेवू नये. दार उघडायचं, आपण उंबऱ्याबाहेर बसायचं आणि त्याला स्वतःहून येऊ द्यायचं. ते एक पाय बाहेर टाकेल, हुंगेल, आत पळेल, पुन्हा येईल. यात अर्धा तास गेला तरी घाई करायची नाही, कारण त्या हुंगण्यातूनच ते परतीची वाट लक्षात ठेवत असतं. दार मागे पूर्ण उघडं हवं. दहा-पंधरा मिनिटांनी डबा वाजवायचा आणि आत आल्याबरोबर खायला द्यायचं. हे रोज करत वेळ हळूहळू वाढवायचा. अंधार पडायच्या आत मांजर घरात, हा नियम कायमचा.

हे सगळं अंगण, परसबाग किंवा आतल्या गल्लीतल्या घरांसाठी. दाराबाहेर थेट मोठा रस्ता असेल किंवा घर सातव्या मजल्यावर असेल, तर मोकळं सोडण्याचा हट्ट न केलेला बरा. तिथे हार्नेस घालून फिरवणं किंवा जाळी लावलेली बाल्कनी हेच बाहेरचं जग. हार्नेसची सवयही आधी आठवडाभर घरात करावी लागते. पहिल्या दिवशी बरीच पिल्लं तो घातल्यावर सरळ आडवी पडतात.

‘मांजर कुठूनही पडलं तरी पायावरच पडतं’ हे मात्र डोक्यातून काढून टाकायला हवं. 1987 मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्राणी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी उंच इमारतींवरून पडलेल्या 132 मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. उपचार झालेल्यांपैकी 90 टक्के वाचली, हाच आकडा नेहमी सांगितला जातो. पण ती दवाखान्यापर्यंत पोहोचलेली मांजरं होती. जागीच मेलेल्यांची मोजणी त्यात नाही. आणि वाचलेल्यांपैकी अनेकांच्या छातीला मार होता, जबडे फुटले होते, पाय मोडले होते.

खालचे धोके

गाडी आणि कुत्री सगळ्यांना दिसतात. उंदरांचं औषध दिसत नाही. ब्रोमाडिओलोनसारख्या विषाने उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्तावून फिरतो आणि तोच मांजराच्या तोंडी सहज लागतो. मांजराच्या अंगातही लक्षणं दोन-चार दिवसांनी दिसतात. हिरड्या पांढऱ्या पडणं, धाप लागणं, नाकातून रक्त येणं. वेळेत नेलं तर व्हिटॅमिन के देऊन उपचार होतो. म्हणून पिल्लू सोडण्याआधी सोसायटीत पेस्ट कंट्रोल कधी झालं, हे विचारून घ्यावं.

पावसाळ्यात आणि थंडीत मांजरं उबेसाठी गाडीच्या इंजिनजवळ शिरतात. गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारल्या, की ती बाहेर पडतात.

आणि बिबट्याच्या भागात राहणाऱ्यांनी रात्रीचा नियम अजिबात मोडू नये. नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांच्या आहाराचा अभ्यास झाला होता. त्यात वजनाच्या हिशोबाने सर्वात मोठा वाटा कुत्र्यांचा, 39 टक्के, आणि त्याखालोखाल पाळीव मांजरांचा, 15 टक्के होता.

सापडत नसेल तर

बिथरलेलं पिल्लू सहसा लांब जात नाही, जवळच दडून बसतं आणि हाकेला ओ देत नाही. हरवलेल्या मांजरांवरच्या 2018 च्या एका अभ्यासात सापडलेल्यांपैकी तीन चतुर्थांश मांजरं घरापासून 500 मीटरच्या आत होती. त्यामुळे ग्रुपवर मेसेज टाकाच, पण आधी पार्किंगमधल्या गाड्यांखाली, मीटर रूममध्ये, जिन्याखाली, डक्टमध्ये आणि शेजाऱ्यांच्या बंद गॅलरीत बघा. वॉचमनला फोटो दाखवा. रात्री बाराच्या पुढे, आवाज थांबल्यावर, टॉर्च घेऊन पुन्हा एक फेरी मारा. झोत जमिनीलगत टाकला की डोळे चमकतात. दिसल्यावर झडप घालू नका. तिथेच खाली बसा आणि डबा वाजवा.