ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याचा इतिहास

ट्रान्सफॉर्मरचा गाभा निवडताना जास्तीत जास्त चुंबकत्व कोणता धातू पेलतो, एवढेच पाहिले जात असावे असे वाटते. इतिहास वेगळे सांगतो. 1885 मध्ये बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यात झिपेर्नोव्स्की, ब्लाथी आणि देरी यांनी बंद गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर घडवला, तेव्हा मऊ लोखंड वापरात होते. पण ते काही महिन्यांच्या उष्णतेने ‘म्हातारे’ होई आणि वीज अधिकाधिक वाया जाई. धातुशास्त्रज्ञ हॅडफील्ड यांच्या सिलिकॉन-पोलादाने ही खोट बरीच भरून काढली. सिलिकॉनमुळे धातूचा विद्युतरोध वाढला आणि भोवरी प्रवाह (गाभ्यातच फिरून वीज वाया घालवणारे प्रवाह) घटले, मात्र चुंबकत्वाची कमाल मर्यादा थोडी उतरली. तरीही उद्योगाने तेच स्वीकारले, कारण गाभ्यातला व्यय भार असो वा नसो, चोवीस तास चालूच असतो.

यावर कोणी म्हणेल, मग सर्वांत कमी व्ययाचा अस्फटिकी (स्फटिकरचना नसलेला) धातू सर्वत्र का नाही? कारण तो सुमारे 1.56 टेस्लालाच संपृक्त होतो, सिलिकॉन-पोलाद मात्र सुमारे 2 टेस्लापर्यंत जाते. म्हणून अस्फटिकी गाभा मोठा व महाग पडतो. 1934 मध्ये संशोधक गॉस यांनी पेटंट घेतलेल्या दिशाबद्ध कणांच्या पोलादाचे महत्त्व इथेच आहे: त्याने व्यय घटवला आणि क्षमताही राखली. चांगला गाभा म्हणजे आयुष्यभराच्या खर्चाचा हिशेब, हेच या इतिहासाचे सार आहे.