हाडांच्या तेलातून पराटीच्या शिवारात

सिंदी (रेल्वे) म्हटले की विदर्भात तान्हा पोळा आठवतो. सजवलेले लाकडी बैल, ते ओढणारी पोरे, रस्त्यावर दाटलेली गर्दी. याच दिवसांत गावाबाहेर पराटीला, म्हणजे कपाशीला, पात्या लागतात आणि पानांखाली मावा, तुडतुडे, पांढरी माशी रस शोषू लागतात. पानांच्या कडा पिवळ्या-तांबड्या पडल्या की शेतकरी कृषी केंद्र गाठतो आणि नुसते ‘इमिडा’ मागतो.

त्या इमिडाक्लोप्रिडच्या रेणूत पिरिडीनचे कडे आहे: पाच कार्बन, एक नायट्रोजन. स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ थॉमस अँडरसन यांनी 1849 च्या सुमारास हे पिरिडीन वेगळे केले, तेही जनावरांची हाडे तापवून काढलेल्या तेलातून. ते पाण्यात सहज मिसळते, 115 अंशांना उकळते आणि त्याला सडक्या मासळीसारखी घाण येते. औद्योगिक स्पिरिट पिण्याजोगे राहू नये म्हणून ते त्यात मिसळत.

शेतीत मात्र हे कडे तंबाखूच्या वाटेने कधीच पोचले होते. तंबाखूचा काढा पिकावर शिंपडण्याची रीत जुनी. त्यातले मारक द्रव्य, निकोटीन, 1828 मध्ये पोसेल्ट आणि राइमान यांनी हायडेलबर्गला वेगळे केले. त्यातही हेच कडे. निकोटीन कीटकाच्या मज्जासंस्थेत निरोप झेलणाऱ्या जागांवर जाऊन बसते आणि कीटक थरथरून मरतो. पण ते उन्हात टिकत नाही, आणि माणसालाही जहाल. 1980 च्या दशकात जपानमध्ये शिन्झो कागाबू आणि सहकाऱ्यांनी कड्यावर क्लोरीन चढवून नवा रेणू, इमिडाक्लोप्रिड, घडवला. तो कीटकाच्या मज्जातंतूंना घट्ट चिकटतो, माणसाच्या मज्जातंतूंना त्या मानाने फार कमी. 1991 मध्ये तो बाजारात आला.

भारतात 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. बीटीचा मारा बोंडअळीवर. रसशोषक किडींना त्याचे काहीच नाही. मग पाकिटातले बियाणेच इमिडाक्लोप्रिड चोळून, रंगवून येऊ लागले. कीड दिसण्याआधीच, सरसकट. चूक इथेच झाली. वर्षानुवर्षे तोच मारा सोसून मध्य भारतातले तुडतुडे त्याला दाद देईनासे झाले. मधमाश्यांच्या काळजीने युरोपीय संघाने 2018 मध्ये उघड्या शेतातला त्याचा वापर थांबवला.

आता कृषी विभाग सांगतो: आधी पिवळे चिकट सापळे लावा, पाच टक्के निंबोळी अर्क फवारा. शंभर लिटर पाण्याला पाच किलो निंबोळीचा भुगा. त्यासाठी निंबोळ्या पावसाच्या तोंडाशीच वेचून वाळवाव्या लागतात. पोळ्याला आठवण होऊन उपयोग नसतो.