दार उघडे ठेवून केलेली प्रार्थना

न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सी गावच्या दफनभूमीत डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या नावाचा दगड आहे. आपल्यापैकी काही कुटुंबे मुलांना घेऊन तिथे जाऊनही आली असतील. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाईंना डॉक्टरकीची पदवी मिळाली, हे आता आपल्या नातवंडांनाही ठाऊक असते. त्या समारंभाला आणखी एक मराठी बाई मुद्दाम इंग्लंडहून आली होती. वय सत्तावीस, विधवा, सोबत पाच वर्षांचीही न झालेली मुलगी. संस्कृत इतके पक्के, की कलकत्त्याच्या पंडितांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले होते. आणि अडीच वर्षांपूर्वी तिने ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता.

पंडिता रमाबाईंचे नाव आपण घेतो, पण जरा आवाज खाली आणून. 'बाई मोठी होती, पण...' या 'पण'च्या पुढचे वाक्य बहुधा अर्धे राहते. दिवाळी अंकात हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. मला मात्र वाटते की परक्या देशात आपला धर्म शेजाऱ्यांच्या डोळ्यांसमोर रोज पाळणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे आयुष्य एकदा नीट पाहावे. ख्रिस्ती परिभाषेत 'साक्ष' असा एक शब्द आहे. आपण कशावर विश्वास ठेवतो ते आपल्या जगण्यातून दुसऱ्याला दिसणे, असा त्याचा अर्थ. रमाबाईंनी ती साक्ष कशी दिली आणि ती पाहणाऱ्यांनी काय केले, यात आपल्या समाजाचाही इतिहास आहे.

पूर्वायुष्य थोडक्यात सांगतो. जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले आणि त्या आईने मुलीला. तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत हे कुटुंब देशभर फिरले, आणि १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील उपासमारीने गेले. पुढे रमाबाईंनी बंगालमध्ये बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न केले. दोन वर्षांच्या आत पती वारले. १८८२ मध्ये पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि १८८३ मध्ये वैद्यकी शिकण्याच्या इराद्याने इंग्लंड गाठले.

तिथे वाँटेज येथे ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या राहिल्या. वादविवादात रमाबाईंना हरवणारा माणूस सापडणे कठीण होते. लहानपणापासून त्या शास्त्रार्थ ऐकत आल्या होत्या. त्यांच्या मनावर परिणाम केला तो लंडनच्या फुलहॅम भागातल्या एका आश्रमाने. समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांना या भगिनी जवळ करीत, त्यांची शुश्रूषा करीत. हे कशासाठी, असे विचारल्यावर त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची गोष्ट वाचून दाखवली गेली. आपल्या शास्त्रांत अशा स्त्रीला परतीची वाट कुठे आहे, हा प्रश्न त्यांना पडला. सप्टेंबर १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पण 'त्यांना मिशनऱ्यांनी बाटवले' एवढ्यावर ही गोष्ट संपवणाऱ्यांनी पुढची पत्रे वाचावीत. ज्या भगिनींनी त्यांना आसरा दिला, त्यांच्याशीच रमाबाई वर्षानुवर्षे भांडत होत्या. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नको? शाकाहार सोडायचा नाही, पोशाख देशीच ठेवायचा. चेल्टनहॅमच्या कॉलेजात पुरुषांनाही शिकवण्याची गोष्ट निघाली, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. मी माझ्या देशात पुरुषांच्या सभांत बोलले आहे, आता तुम्ही मला अडवणार का, असा रमाबाईंचा सूर होता. माझी सद्सद्विवेकबुद्धी मी कोणा पुरोहिताच्या हाती देणार नाही, मग तो ब्राह्मण असो की बिशप, ही त्यांची भूमिका शेवटपर्यंत टिकली. मला हा त्यांच्या श्रद्धेचाच भाग वाटतो.

अमेरिकेत त्या तीन महिन्यांसाठी म्हणून आल्या आणि जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. बालवाडीची फ्रोबेलची पद्धत शिकल्या. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिले. आनंदीबाईंच्या कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. गावोगाव व्याख्याने दिली. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला 'रमाबाई असोसिएशन' स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे पैसा पुरवण्याची हमी दिली. इथल्या ख्रिस्ती लोकांकडून पैसा घेताना ठरले ते असे, की शाळेत धर्माची सक्ती किंवा प्रचार होणार नाही. एका नवख्रिस्ती बाईने अशी शाळा काढणे हे इथल्या कित्येक देणगीदारांनाही पचायला जड गेले असणार. (त्यांनी याच प्रवासावर १८८९ मध्ये मराठीत पुस्तक लिहिले. अमेरिकेचे कौतुक आणि गुलामगिरीच्या इतिहासावर परखड टीका, दोन्ही त्यात आहेत. इथे राहणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने ते वाचावे.)

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. सुरुवातीला दोनच मुली होत्या. त्यांतली एक गोदूबाई जोशी, बालविधवा. पुढच्या वर्षी सदन पुण्याला हलले. मुलींना आपापले सोवळे, उपासतापास, देवधर्म सांभाळायची पूर्ण मोकळीक होती. रमाबाई स्वतः पहाटे मुलगी मनोरमेसह आपल्या खोलीत बायबल वाचीत, प्रार्थना करीत. खोलीचे दार मात्र त्या उघडे ठेवीत. ये म्हणून त्यांनी कोणाला बोलावले नाही, आणि जा म्हणून कोणाला हाकललेही नाही. हळूहळू काही मुली आत येऊन बसू लागल्या.

या उघड्या दारावरूनच १८९३ मध्ये पुणे पेटले. 'केसरी'ने झोड उठवली. सल्लागार मंडळावरच्या रानडे आणि भांडारकरांसारख्या सुधारकांनी राजीनामे दिले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंची बाजू अशी: बाकीच्या मुलींना त्यांच्या देवाची पूजा करता येते, तर मला माझ्या देवाची उघडपणे का करता येऊ नये? दार लावून घेणे म्हणजे लाज वाटल्यासारखे होईल. टीकाकारांची बाजू अशी: ज्या मुलीला घरात कोणी माणूस म्हणून वागवले नाही, तिला जवळ घेणारी ही पहिली बाई. ती ज्या देवापुढे हात जोडील, त्याच्याकडे मुलगी ओढली जाणारच. मग धर्मप्रचार नाही, या वचनाला अर्थ काय?

इतकी वर्षे इतिहासाच्या वर्गात मी या दोन्ही बाजू मांडल्या आहेत. माझे मत विचाराल तर दुसरा आक्षेप खोटा नाही, पण त्याचा रोख चुकला. त्या मुलीला जवळ घेणारे दुसरे कोणी का नव्हते, हा प्रश्न आधी विचारायला हवा होता. तो विचारणारा एक माणूस पुण्यात होता. त्याच्याकडे शेवटी येतो.

१८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. आईवडिलांचे मरण त्या विसरल्या नव्हत्या. तिथून त्यांनी उपाशी, अनाथ मुली आणि विधवा आणल्या, आणि पुणे-दौंड लोहमार्गावरच्या केडगावला घेतलेल्या जमिनीवर मुक्तिसदन उभे राहिले. १९००च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. विणकाम, शिवण, शेती, दूधदुभते, तेलाचा घाणा, छापखाना, सगळे बायका चालवीत. अंध मुलींना शिक्षण मिळे. कृपासदनात 'पतित' ठरवलेल्या बायकांना जागा होती. फुलहॅमला जे पाहिले, ते इथे उभे राहिले.

मुक्तिसदन शारदासदनासारखे तटस्थ नव्हते. ते उघडपणे ख्रिस्ती होते. दुष्काळातून आलेल्या पोरक्या पोरीला धर्माच्या बाबतीत खरी निवड कितीशी होती, हा प्रश्न माझ्या मनात राहतोच, आणि तो झाकून ठेवून रमाबाईंचा गौरव करणे मला पटत नाही. पण ज्यांनी त्यांना सरकारची आणि मिशनची बाहुली म्हटले, त्यांनी १८९७ची प्लेगची साथ आठवावी. पुण्याच्या प्लेग इस्पितळात स्त्रियांची जी आबाळ चालली होती, तिच्यावर रमाबाईंनी एका ख्रिस्ती वर्तमानपत्रातून कडक टीका केली. गव्हर्नर सँडहर्स्ट यांना तिचा इन्कार करावा लागला. ज्या काळात टिळक आणि रमाबाई एकमेकांचे विरोधक होते, त्याच काळात प्लेगच्या जाचाविरुद्ध दोघांचाही आवाज उठला, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत फारशी येत नाही.

शेवटची बरीच वर्षे त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. उपलब्ध भाषांतराची भाषा त्यांना संस्कृतप्रचुर वाटे. कमी शिकलेल्या बाईला कळेल असे मराठी हवे, म्हणून संस्कृतच्या या विदुषीने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास केला आणि आपल्या भाषेतून संस्कृत शब्द वेचून बाहेर काढले. खिळे जुळवणे, छपाई, बांधणी केडगावच्याच बायकांनी केली. १९२१ मध्ये मनोरमा वारली, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. त्याआधी त्यांनी काम पुरे केले होते.

आता गोदूबाईंकडे वळतो. शारदासदनात शिकून त्या हिंदूच राहिल्या. ११ मार्च १८९३ रोजी, म्हणजे सदनाच्या वाढदिवशीच, धोंडो केशव कर्वे यांनी त्यांच्याशी पुनर्विवाह केला. (आनंदीबाईंची पदवीही ११ मार्चचीच. मराठी स्त्रियांच्या इतिहासात ही तारीख अशी तीनदा येते.) मुरूडच्या गावकऱ्यांनी कर्व्यांवर बहिष्कार घातला. १८९६ मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, तोच पुढे हिंगण्याला गेला. हिंदू मुलींना शिकण्यासाठी हिंदूंनीच घर बांधले पाहिजे, हे रमाबाईंच्या टीकाकारांचे म्हणणे कर्व्यांनी नुसते बोलून न दाखवता करून दाखवले. आणि त्यांच्या घरातली गृहिणी रमाबाईंची पहिली विद्यार्थिनी होती. 'माझे पुराण' या तिच्या आत्मकथनात शारदासदनाचे दिवस तिच्याच शब्दांत वाचायला मिळतात.

गोदूबाईंची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. तीही विधवा. हिंगण्याच्या आश्रमात शिकली आणि पुढे त्याच आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरली. १९१८ मध्ये इंग्रजी जेमतेम येत असताना ती अमेरिकेला आली. पोटासाठी इथल्या घरांत मोलकरणीचे काम केले, आणि हिंगण्याच्या विधवांसाठी पैसे गोळा करून परत गेली. रमाबाईंनी बोस्टनला झोळी पसरली, त्याला तेव्हा तीस वर्षे झाली होती.