परवाना : अडसर की ढाल?

२४ जुलै १९९१ म्हटले की डॉ. मनमोहन सिंग यांचे अर्थसंकल्पीय भाषण आठवते. पण त्याच दिवशी, त्या भाषणाच्या काही तास आधी, उद्योग राज्यमंत्री पी. जे. कुरियन यांनी लोकसभेच्या पटलावर एक निवेदन ठेवले होते. उद्योग खाते तेव्हा खुद्द पंतप्रधान नरसिंह राव यांच्याकडे होते. १८ उद्योग वगळता बाकी सर्वांना केंद्राच्या औद्योगिक परवान्याची गरज उरणार नाही, असे त्या निवेदनाने जाहीर केले. अर्थसंकल्पाच्या गलबल्यात ते झाकोळले गेले. हा धागा त्या परवान्याविषयी.

परवानाराज नेहरूंच्या काळात शून्यातून उभे राहिले, असा एक लोकप्रिय समज आहे. त्याची मुळे दुसऱ्या महायुद्धात आहेत. १९४० मध्ये आयातीवर आणि १९४३ मध्ये भांडवल उभारणीवर ब्रिटिश सरकारने नियंत्रणे घातली. युद्ध संपले, नियंत्रणे राहिली. १९४४ च्या ‘बॉम्बे प्लॅन’वर स्वाक्षरी करणाऱ्या आठ जणांत जे. आर. डी. टाटा आणि घनश्यामदास बिर्लाही होते, आणि त्यांनीही नियोजनासाठी सरकारी नियंत्रणाची गरज मान्य केली होती. हे सारे उद्योगपतींवर केवळ लादले गेले, असे म्हणणे म्हणूनच सोपे नाही.

१९५१ चा उद्योग (विकास व विनियमन) अधिनियम मे १९५२ पासून लागू झाला. अनुसूचीतल्या उद्योगांत नवा कारखाना काढणे, मोठा विस्तार करणे किंवा नवी वस्तू बनवणे, प्रत्येकासाठी परवाना आवश्यक ठरला. तो मिळाल्यावर यंत्रांच्या आयातीची परवानगी निराळी, भागविक्रीची निराळी, परदेशी सहकार्याच्या कराराची निराळी. यामागचा हेतू मला ढोंगी वाटत नाही. भांडवल तुटपुंजे, परकीय चलन त्याहून तुटपुंजे. ते चैनीच्या वस्तूंत न जिरता पोलाद आणि यंत्रांकडे वळावे आणि आर्थिक सत्ता मूठभरांच्या हाती एकवटू नये, हा त्यामागचा विचार होता.

नेमक्या या दुसऱ्या हेतूचे काय झाले, हे मुंबई विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ आर. के. हजारी यांनी नियोजन आयोगासाठी १९६७ मध्ये केलेल्या अहवालात दिसते. यंत्रणा अशी होती : एखाद्या वस्तूची देशाला किती गरज आहे, हे सरकार ठरवणार आणि तेवढ्याच क्षमतेचे परवाने वाटणार. तेव्हा मोठ्या घराण्याने एकाच वस्तूसाठी आपल्या निरनिराळ्या कंपन्यांच्या नावे अर्ज करायचे. परवाने मिळाले की कागदावर क्षमता ‘भरली’. कारखाना उभा राहो अथवा न राहो, मागून येणाऱ्या नवख्याचा अर्ज ‘आता वाव नाही’ म्हणून परत! बड्यांना आवरण्यासाठी केलेला परवाना अशा रीतीने त्यांचीच ढाल झाला. १९६९ च्या दत्त समितीनेही मोठ्या घराण्यांना झुकते माप मिळाल्याचे नोंदवले.

यावर उपाय काय निघाला? आणखी एक परवानगी. १९६९ च्या मक्तेदारी कायद्याने २० कोटींहून अधिक मालमत्तेच्या उद्योगसमूहांना विस्तारासाठी वेगळी मंजुरी बंधनकारक केली. (हा ‘एमआरटीपी’ कायदा आणि नगररचनेचा महाराष्ट्राचा १९६६ चा ‘एमआरटीपी’ कायदा हे दोन निरनिराळे, वाचताना गफलत होते.) सामान्य माणसाला याची झळ रांगेत लागली. पुण्याजवळ आकुर्डीला तयार होणाऱ्या बजाज स्कूटरसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे थांबत.

१९८५ मध्ये मक्तेदारी कायद्याची मर्यादा २० वरून १०० कोटींवर नेली गेली, काही उद्योगांना एकाच परवान्यावर जवळपासची उत्पादने काढण्याची मुभा मिळाली. १९९१ चे निवेदन याच वाटेवरची मोठी उडी होती. गंमत अशी, की नेहरूंच्या काळातली चौकट मोडणाऱ्या त्या दस्तऐवजाची सुरुवात नेहरूंच्या गौरवानेच होते. राजकारणात वळण घ्यायचे तर असेच घ्यावे लागत असावे.

तरीही जमीन, पाणी, वीज, बांधकाम नकाशा ही दारे राज्यांकडेच राहिली. महाराष्ट्राने १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापून त्यावर वेगळे उत्तर शोधले होते : रस्ते-पाण्यासह तयार भूखंड. आज ‘एक खिडकी’ची चर्चा होते, तेव्हा सगळ्या परवानग्या एकाच पारड्यात टाकल्या जातात, हे मला खटकते. ‘या वस्तूचा दुसरा कारखाना हवाच कशाला?’ हा दिल्लीचा प्रश्न आणि ‘सांडपाणी कुठे सोडणार?’ हा प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रश्न एका जातीचे नाहीत. भोपाळच्या युनियन कार्बाइडकडे औद्योगिक परवाना होता. १९७५ मध्ये मिळालेला तो परवाना वर्षाला ५,००० टन कीटकनाशकांचा होता. टनांचा हिशेब दिल्लीने चोख मांडला होता.